केसरीचा दातपट्टा

"काय वो सूनबाई, आज काय खाल्लं तुमच्या केसरीनं?"

रविवारची सकाळ. आक्का लसणाची सुपली घेऊन भिंतीला टेकल्या की समजायचं, आता लसूण कमी आणि गल्ली जास्त सोलली जाणार. गडमुडशिंगीतली ही कंबरेएवढी भिंत दोन घरांची हद्द म्हणून बांधली खरी, पण बशा, वाट्या, कढीपत्ता आणि बातम्या तिच्यावरून दिवसभर इकडून तिकडं जात असतात.

"सोफ्याचा उजवा हात, आक्का. डावा परवाच झाला."

"दोन्ही हात गेलं? म्हंजे सोफा आता पाव्हन्यास्नी नमस्कार बी करायचा न्हाई."

"हसा तुमी. आदी चौरंगाचा पाय, मग लाटनं, मग टीव्हीच्या टेबलाचा कोपरा. आनि आता सोफा. माझ्या लग्नातला हाय त्यो, सागवानी."

आतून मावशींचा, म्हणजे सासूबाईंचा, आवाज आला. "हां, तिच्या माहेरचंच खातंय बगा! सोप्यात आमच्या मामंजींच्या येळचा शिसवी पलंग हाय, त्येला एक दात लावला न्हाई. मुक्या जनावराला बी कळतंय, कुटलं कुनाचं."

सूनबाईंनी उत्तर दिलं नाही. बादलीतलं लुगडं झटकून वाळत घातलं, जरा जोरातच. आक्कांची लसणावरची बोटं थांबली. इथं ठिणगी हाय, फुंकर कुणी घालायची एवढंच बाकी हाय, हे त्यांना कळलं. पण वय झालेला माणूस घाई करत नाही.

"काय दिस आलं बगा," आक्का म्हणाल्या. "गोकुळचा पशुखाद्य कारखाना आमच्या गावात. जिल्ह्याच्या म्हशी आमच्या गावचं खात्यात, आनि आमच्या गावचं कुतरं सोफा खातंय. बाहेर सांगायची सोय न्हाई."

केसरी तोवर पायरीवर बसून आपल्याविषयी बोलणं चाललंय हे समजून शेपूट हलवत होता. वय पाच महिने. धन्याला तालमीचं वेड. कोल्हापूरच्या मातीत तयार झालेले श्रीपती खंचनाळे १९५९ साली पहिले हिंदकेसरी झाले, तेव्हा ह्या भागात घरात आलेल्या दांडग्या पिल्लाचं नाव केसरी ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. मित्रानं पिल्लू देताना 'अस्सल मुधोळ' म्हणून दिलेलं, असं सूनबाई बोलून गेल्या. ते ऐकून शेवग्याच्या झाडाखाली पेपर वाचत बसलेले नाना उठून भिंतीजवळ आले. नाना पशुसंवर्धनातून पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालेले. म्हशीपास्नं मांजरापर्यंत गल्लीची सगळी जनावरं आधी नानांकडं, मग दवाखान्यात.

"मुधोळ?" नाना म्हणाले. "मुधोळचं तोंड लांब, छाती खोल, पोट आत गेल्यालं, पाय काठीवानी. बागलकोट जिल्ह्यात मुधोळच्या घोरपडे राजांनी सांभाळली ती जात. २००५ साली पोस्टानं तिकीट काढलं तिच्यावर. ह्येचे कान बगा, एक पुन्याला चाललाय, एक मिरजंला. ह्यो गावठी हाय. आनि बेस हाय, तब्येतीला चिवट."

"गावठी तर गावठी, नाना. पर लाकूड का खातंय ते सांगा की. आत्या म्हनत्यात शेतावर सोडा. ह्यांचं म्हननं, कॅल्शियम कमी पडलंय."

"मिरची पूड लावा," आक्का म्हणाल्या. "कांडप आत्ताच करून आनलंय, चांगली जवारी हाय. चिमूटभर लावली की परत बगायचं न्हाई तिकडं."

"न्हाईतर डांबरगोळ्या," मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "सोफ्याच्या फटीत चार सारल्या की वासानंच पळतंय."

नानांनी चष्मा काढला. नानांनी चष्मा काढला की गल्ली गप्प बसते.

"आक्का, तुमची मिरची मटनात घाला. ती कुत्र्याच्या डोळ्यात, नाकात गेली तर बिचारं दिसभर तोंड घासत फिरतंय. आनि तोच सोफा रातच्याला तुमचा नातू चाटील, मग कुनाला बोंबलायचं? आनि वैनी, डांबरगोळी म्हंजे त्येला ईख हाय ईख. एक गिळली तरी दवाखाना. कॅल्शियम बी डॉक्टरनं सांगितल्याबगार घालायचं न्हाई. वाढत्या हाडाला जास्तीचं बी बाधतंय. ये रं हिकडं, पैलवाना."

केसरी भिंतीवर पुढचे पाय टाकून उभा राहिला. नानांनी त्याचा ओठ वर केला.

"ह्ये बगा. पुढचे पक्के आल्यात, ह्यो सुळा दुधाचा हाय, हालतोय. हिरडी लाल. मानसाला दुधाचे २० दात आनि पक्के ३२. ह्येला दुधाचे २८ आनि पक्के ४२. चवथ्या महिन्याच्या आसपास पडाय लागत्यात, सातव्यापतोर समदे नवे येत्यात. म्हंजे तीन-साडेतीन महिन्यात अख्खं तोंड बदलायचं. हिरडी शिवशिवतीया, ठनकतीया. त्येला कायतरी दाबून धराय पायजे, मग त्ये सोफा असू दे न्हाईतर लाटनं."

"पर पडल्याला दात एक बी सापडला न्हाई," सूनबाई म्हणाल्या.

"सापडायचा कसा? खाता खाता गिळतंय. त्येनं काय हुत न्हाई. लाकडाची सल मात्र गिळू द्यायची न्हाई. हिरडीत घुसतीया, आतड्यात अडकतीया. ओकाय लागलं, खायाचं बंद झालं, पोट धरून बसलं, तर मग घरचा उपाय करत बसायचं न्हाई. गाडीत घालून थेट डॉक्टर. खिळा, स्क्रू असलं काय गेलं असंल तर त्ये एक्स-रेमदीच दिसतंय."

"म्हंजे सातव्या महिन्यात सुटका?"

"दातापास्नं सुटका. मग दुसरी फेरी. तरनं कुतरं वर्सा-दीड वर्सापतोर चावतंय. नवे दात, नवा जबडा, अंगात रग. त्ये बंद व्हायचं न्हाई. कुटं चावायचं, एवढंच आपल्या हातात."

एवढ्यात उजळाईवाडीच्या विमानतळावरून विमान उठलं. मुडशिंगीवरून विमान जायला लागलं की गावातलं बोलणं आहे तिथं थांबतं आणि आवाज गेला की त्याच शब्दापासून पुढं सुरू होतं. नाना बोलत नव्हते, केसरीकडं बघत होते. केसरीनं एकदा वर बघितलं, जांभई दिली आणि नानांच्या धोतराचा सोगा तोंडात धरला.

"भित्रं न्हाई," नाना सोगा सोडवत म्हणाले. "आता सांगा, घराच्या चौकटीला, दाराला, खिडकीला दात लावतंय का? तुमी भाईर गेल्यावर वरडतंय, आत घान करतंय?"

"न्हाई. चौकटीला हात लावला न्हाई. शेजारचं म्हनत्यात, झोपून ऱ्हातंय."

"शेजारचं म्हंजे मीच," आक्का म्हणाल्या. "दुपारी दोनपतोर झोपतंय. मग उठून जे काय कराय लागतंय, त्येचा आवाज मला हितं येतोय."

"मग ह्येला एकलं ऱ्हायची भीती न्हाई. ज्येला ती असतीया त्ये कुतरं दार पोखरतंय, चौकट खातंय, भाईर पडायची वाट बगतंय. त्येला येगळी दवा लागतीया, वरडून भागत न्हाई. ह्येला काम न्हाई, एवढंच. मालक सकाळी शिरगावच्या एमआयडीसीत, तुमी गांधीनगरला दुकानात, वैनी देवळात न्हाईतर टीव्हीम्होरं. आनि खायाला काय घालतासा?"

"दोन टाइम भाकरी, अंडं, दूध. ह्यांचं लाड लई."

"बगा म्हंजे. तालमीत पोरगं आनलं, बदाम, तूप, थंडाईचा खुराक लावला, आनि जोर-बैठका मारू दिल्या न्हाईत, हौद्यात उतरू दिलं न्हाई, तर रातच्याला त्ये पोरगं काय करंल? तालमीचा दरवाजाच उचलून ठेवंल. केसरीचं त्येच झालंया. सकाळी अर्धा तास माळाकडं न्ह्या. नुसतं पळवायचं न्हाई, वास घेऊ द्या. एकेका झुडपाला नाक लावून त्येचा जेवडा मेंदू दमतोय, तेवडं पळून अंग दमत न्हाई. लसी झाल्यात न्हवं समद्या? रेबीजची?"

"झाल्यात. कार्ड हाय. पुढची तारीख लिवून दिलीया."

"मग काय अडचन न्हाई. लस पुरी व्हायच्या आदी मात्र रस्त्यावर सोडायचं न्हाई, पार्वोनं चार दिसात पिल्लू जातंय."

आक्कांना हे सगळं फार शहाण्यासारखं वाटू लागलं. शहाणपणानं गप्पा मरतात, हा त्यांचा अनुभव. त्यांनी विषय फिरवला. "आनि त्या चपलेचं काय झालं सांग की, सूनबाई."

सूनबाईंनी कपाळाला हात लावला. घरधन्याच्या कोल्हापुरी चपला. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं जाड कातडं, तेलपाणी करून मऊ केलेलं. केसरीनं एक आख्खी रात्र घेतली होती आणि सकाळी अंगठा तेवढा ठेवला होता.

"२०२५ साली त्या इटलीच्या प्राडावाल्यांनी आमच्या कोल्हापुरीचा नमुना उचलला म्हनून केवडं रान पेटलं," आक्का म्हणाल्या. "२०१९ ला जीआय का काय त्ये मिळालंय म्हनं चपलेला. त्येंनी नुसता नमुना उचलला. आमच्या केसरीनं जोडच उचलला, तर कोन काय बोललं न्हाई."

"बोलत्यात की," मावशी म्हणाल्या. "माझा पोरगा बोलला. मग त्येच फाटकं चप्पल त्येला खेळाय दिलं."

"तितंच घोटाळा," नाना म्हणाले. "फाटकं कुटलं आनि नवं कुटलं, ह्ये त्येला कसं कळायचं? एक चप्पल दिलं म्हंजे समदी चपला त्येची झाली. लाकडाचं बी तसंच. जुना पाट दिला की नवा चौरंग बी त्येचाच. त्येचं जे काय असंल, ते घरात दुसऱ्या कशासारखं दिसाय नको, वास बी तसा याय नको."

"मग द्यायचं काय? हाडूक देऊ? आज मटनच हाय."

"रश्श्यातलं हाडूक अजिबात न्हाई. शिजल्यालं हाड चावलं की त्येच्या सुया हुत्यात, नरड्यात, आतड्यात घुसत्यात. वरनं तांबडा-पांढऱ्यातला कांदा, लसूण. त्यो त्येच्या रगताला बाधतोय. ऊसाचं कांडं बी नगं, सालीची कूस हिरडीत बसतीया. जुन्या सुती लुगड्याचा पिळा करा, मदी गाठ मारा, पान्यात भिजवून फ्रीजरात ठेवा. गार लागलं की हिरडी बसतीया. आपन समोर असतानाच द्यायचं, धागं निघाय लागलं की टाकून द्यायचं. गाजर गार करून द्या. बाजारात रबराचं पोकळ खेळनं मिळतंय, त्येच्या तोंडात मावून गिळता येनार न्हाई एवढं मोटं घ्या. आत भाकरी दह्यात कालवून भरा आनि गोठवा. तुमी कामाला जाताना द्या. दुपारी दोनला उठलं की त्येला त्येचं काम तयार."

"दह्यात भाकरी कालवून, गोठवून, खेळन्यात भरून," मावशींनी एकेक शब्द मोजून म्हटला. "मला चवथ्या महिन्यात डोहाळं लागल्यालं, तवा माझ्या सासूनं एवडं केलं न्हाई."

ह्यावर हसल्याशिवाय कुणाला राहवलं नाही. सूनबाई पण हसल्या. सासूच्या विनोदाला सून हसली की आक्कांचा मूड जातो. त्यांनी दुसरी फुंकर घातली.

"पर चूक केलेलं त्येला कळतंय, ह्ये मी सांगतो. संध्याकाळी सूनबाई आली की कान पाडून, आंग चोरून कोपऱ्यात. चोराच्या मनात चांदनं."

"मी बी तेच म्हनतो," सूनबाई म्हणाल्या. "म्हनून मग सोफा दावून वरडतो त्येला."

नाना हसले. नानांची नात शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. नाना तिचं नाव निघालं की खुर्ची जरा पुढं ओढतात. "आमच्या नातीनं सांगितलं. अमेरिकंत अलेक्झांड्रा होरोविट्झ म्हनून बाई हायत, कुत्र्यांच्या वागन्याचा अभ्यास करत्यात. २००९ साली त्येंनी परयोग छापला. कुत्र्यासमोर खाऊ ठेवायचा, खाऊ नगं म्हनून सांगायचं आनि मालकानं भाईर जायचं. कदी कुत्र्यानं खाऊ खाल्ल्याला, कदी न्हाई. पर आत आल्यावर मालकाला काय सांगितलंय, त्यावर त्यो वरडनार. झालं काय, तर ज्येला मालक वरडला, त्येनं तोंड पाडलं. खाल्लं असू दे न्हाईतर नसू दे. खाल्लं न्हवतं आनि वरडा बसला, तवा तर जास्तच. म्हंजे त्ये तोंड चुकीचं न्हाई, तुमच्या आवाजाचं हाय. तुमी दारात पाय ठेवलासा की कपाळावर आठ्या. त्ये तुमास्नी बगून आंग चोरतंय, सोफ्याला बगून न्हाई."

सूनबाई जरा गप्प झाल्या.

"मग वरडायचंच न्हाई?"

"दात लाकडावर असताना धरलं, तर 'नको' म्हना. एकदा. आनि लगोलग त्येचं खेळनं त्येच्या तोंडात. ते चावाय लागलं की शाबास म्हना. नुसतं 'नको' म्हनून कळत न्हाई. 'नको'च्या मागनं 'ह्ये घे' याय पायजे. आनि काय घेऊन पळालं तर मागं पळायचं न्हाई. त्येला वाटतंय, डाव लागला."

"नामदेव म्हाराज पळालं की," मावशी म्हणाल्या. "कुत्र्यानं भाकरी पळवली तर मागनं तुपाची वाटी घेऊन."

"वैनी, लाख बोललासा. तुपाची वाटी घेऊन पळालं, दांडकं घेऊन न्हाई. आपन पळायचं बी न्हाई. हितंच हुबं ऱ्हायचं आनि हातात चांगलंचुंगलं दावायचं. त्येनं आपनहून लाटनं टाकलं की त्येला द्यायचं. चार डावात त्येला कळतंय, आनून दिलं की फायदा हाय."

फाटक वाजलं. सुतारमामा आले. सोफा बघायला सूनबाईंनीच निरोप धाडला होता. मामांनी केसरीच्या डोक्यावर हात फिरवला. "ह्यो माझा खरा गिऱ्हाईक. दिवाळीला ह्येला फराळ धाडायचा." आणि आत गेले. भिंतीवर आता फक्त आक्का आणि नाना, पण कान चारी आत. दारातून मामा दिसत होते. त्यांनी सोफ्याच्या हातावर बोट फिरवलं, नख लावलं, चावलेल्या जागी फुंकर मारली, मग वाकून वास घेतला.

"सूनबाई, कितीला घेतला हुता?"

"दादांनी दिला. सागवानी हाय म्हनून दाम बी तसाच मोजला."

"सागवान कुटं हाय ह्यात?" मामा सरळ माणूस. रंधा चालवणारी माणसं बोलतात पण तशीच, एका दिशेनं. "ह्यो आंबा हाय. वरनं सागाचा पापुडा चिकटवलाय आनि पॉलिश मारलंया. ह्येनं दातानं पापुडा काडला म्हनून आतलं दिसलं. न्हाईतर धा वर्सं कुनाला कळलं नसतं."

गल्लीत एवढी शांतता विमान गेल्यावर पण होत नाही. आक्कांनी सुपली हळूच भिंतीवर ठेवली.

"तरी म्हनलं!" मावशींना शब्द सापडला. "आमच्या पलंगाला का लावत न्हाई दात! अस्सल शिसव हाय. माहेरची मानसं मोटी, सोफा आंब्याचा!"

"वैनी, जनावराला त्यातलं काय कळत न्हाई," मामा म्हणाले. "शिसव दगडावानी, दात घसरतोय. पलंगाचा पाय एवडा जाड, त्येच्या तोंडात मावत न्हाई. आंबा मऊ, दात रुततोय. आनि सोफ्याचा हात बरोबर त्येच्या तोंडाच्या उंचीला."

"आनि वास," नाना भिंतीवरून म्हणाले. "त्या हातावर सूनबाई हात टेकून च्या पीत्यात. हाताचा घाम, बिस्किटाचा चुरा. ज्या मानसाचा लळा, त्येच्या वासाचं सामान पिल्लू आदी धरतंय. भाकरी कोन घालतंय त्येला? सूनबाई. म्हनून सूनबाईचा सोफा."

मावशींना हे उत्तर आवडलं नाही. पण सूनबाईंना आता ना सोफ्याची चिंता होती, ना केसरीची. त्या शांतपणे म्हणाल्या, "आत्या, त्ये दुकान कुनी दावलं हुतं?"

"कुनी?"

"आठवा की. आमचं दादा घेनार हुतं दुसरीकडं. 'आपला मानूस हाय, सवलतीत अस्सल सागवान देतोय' म्हनून कोन घेऊन गेलं हुतं त्येस्नी? तुमचा धाकटा भाऊ. पावती हाय माझ्याकडं. 'सागवानी सोफा, एक' म्हनून लिवलंय."

मावशींनी सोफ्याकडं बघितलं, मग मामांकडं, मग केसरीकडं. केसरी मामांच्या पिशवीतली पट्टी तोंडात धरून बसला होता. नानांनी सांगितलेलं सूनबाईंनी तिथंच करून बघितलं. गाजराचा तुकडा दाखवला, पट्टी खाली पडली, गाजर वर गेलं.

"मामा, दुरुस्तीला किती लागतंय?" मावशींनी विचारलं. आवाज खाली आला होता.

"भुसा आनि फेविकॉल भरून घासतो, वरनं पॉलिश. पर आत्ता न्हाई. ह्येचे दात पुरं हुईस्तवर केलं तर दोनदा पैसं. सध्या सोफ्याच्या हाताला जुनं जाड गोनपाट गुंडाळा, त्ये बी चावलं तर आतल्या खोलीत ढकला. टेबलाच्या, चौरंगाच्या पायाला प्लंबिंगचा पीव्हीसी पाइप कापून बसवून देतो, उबा चिरून. दात लागत न्हाई, लाकूड झाकतंय. तितंच लाटनं, पोळपाट वरच्या फळीवर ठेवा. कुत्र्याला शिकवायच्या आदी घर आवरायला लागतंय."

"कडू फवारा मिळतोय दवाखान्यात," नाना म्हणाले. "त्यो बी मारून बगा. काही कुत्री थांबत्यात, काही कुत्री आवडीनं चाटत्यात. कोरफड मात्र लावू नगा, त्येच्या चिकानं जुलाब हुत्यात."

मावशी ह्यातलं काही ऐकत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांसमोर धाकटा भाऊ होता, चार वर्षांपूर्वी मांडवात पान खात 'अस्सल सागवान' म्हणून सोफ्यावर थापा मारणारा. त्यांनी पदर खोचला.

"लाव गं फोन माझ्या भावाला. स्पीकरवर लाव. शेतावर कुनाला धाडायचं, त्ये मी आता बगतो."

तेवढ्यात गल्लीत हाळी आली, "पानी आलं, पानी!" नाना घागरीकडं पळाले. मामा मापं टिपून पाइप आणायला निघाले. सूनबाईंनी नळाला पाइप जोडला आणि एका हातानं नंबर शोधायला लागल्या.

"आक्का, तुमचं पानी जाईल की," सूनबाई म्हणाल्या.

"पानी उद्या बी येतंय," आक्कांनी सुपली पुन्हा हातात घेतली. "तू फोन जरा हिकडं भिंतीजवळ घेऊन ये बाई. हितं रेंज लई चांगली हाय."